बाजूचं बटण

३ मार्च

भावड्या,

मी आयुष्यात शेवटचं पत्र लिहिलं ते नववीच्या परीक्षेत, मुख्याध्यापकांना, रजा मिळण्याबाबत. दहापैकी सहा मार्क पडले होते, तेव्हा अपेक्षा बेतानंच ठेव. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, बाबांचा केलास, शेजारच्या काकूंच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट केलास. मग काय करू, कबूतर सोडू? पत्ता तुमच्या कोच सरांकडून मिळाला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांचं डोकं खाल्लं म्हणून त्यांनी दिला.

जेवतोस का वेळेवर? कोच सर म्हणाले, कुठल्याशा गोदामाच्या वर खोली घेतली आहेस आणि खाली खोकी उचलायचं काम धरलंयस. अरे गाढवा, ते हात काय खोकी उचलायला आहेत? सामन्याआधी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचास, बोटं आखडू नयेत म्हणून. माझ्या कंपासपेटीतला कोनमापक पळवून कीबोर्ड किती अंशात तिरका ठेवायचा ते मोजायचास. आणि आता खोकी!

बाबांनी जे बोलायला नको ते बोलून टाकलं. "इतकी वर्षं जिंकलास ते असंच का रे?" मलाही ते लागलं. पण त्यांना तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं काय कळतं? माणसाने चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. पेपरात चार ओळी छापून आल्या, 'माऊसमध्ये साठवलेली आज्ञा सापडल्याने खेळाडूवर दोन वर्षांची बंदी', की झालं, त्यांच्या लेखी ते खरं. त्यांनी ती चार ओळींची बातमी सहा वेळा वाचली. तू दारात आलास तेव्हा सातव्यांदा चालू होती.

मी तुझ्या मागे जिना उतरले होते. पहिल्या मजल्यापर्यंत. तू बूट हातात घेऊन चालला होतास, आणि मी तिथेच थांबले.

आता कामाचं बोलते. निर्णय २४ फेब्रुवारीचा आहे आणि अपिलाला तीस दिवस असतात म्हणे. म्हणजे २६ मार्च. मग बसलायस काय हातावर हात धरून? अर्ज कर. लिही की मी असलं काही केलेलं नाही. तू पंचवीसचा झालास की तुमच्या खेळात म्हातारा, हे तूच मला सांगितलंस. आज तेवीसचा आहेस. दोन वर्षं घरी बसलास तर उरतं काय? तू अकरा वर्षांचा असताना माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायला लागलास तेव्हापासून मी बघतेय. टीमने पहिला पगार दिला तो माझ्या पगाराच्या तिप्पट होता, आणि तू तो माझ्या हातात ठेवून विचारलंस, "ताई, हे खरंच माझे ना?" असा मुलगा फसवाफसवी करेल का? मी कोणासमोरही सांगेन.

नवा माऊस छान आहे. तू सामन्याला जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेलास ना, चिठ्ठी लावून. 'ताई, हा तुला. जुना मी नेतो, माझा हात त्याच्यावरच बसलाय.' फार हलका आहे. थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं.

उत्तर पाठव. दोन ओळींचं चालेल.

ताई


१२ मार्च

भावड्या,

उत्तर नाही आलं. ठीक आहे, तुझं तोंड फुगलं की महिनाभर फुगलेलं असतं हे मला नवीन नाही. पण आपल्याकडे महिना नाहीये, चौदा दिवस आहेत.

काल कोच सरांशी पाऊण तास बोलले. त्यांनी सगळं समजावलं. म्हणे उपांत्य सामन्यानंतर तपासणीच्या टेबलावर प्रत्येकाचा माऊस, कीबोर्ड उघडून बघतात. तुझ्या माऊसच्या बाजूला जी दोन बटणं आहेत, त्यातल्या मागच्या बटणात काहीतरी साठवलेलं होतं. बटण दाबलं की आपोआप अक्षरं टाईप होणार. खेळाशी त्याचा काडीचा संबंध नाही, तू ते बटण वापरतही नाहीस, तुझा अंगठा तिथवर जातच नाही, हे सर स्वतः म्हणाले. पण नियम असा की बटणात काहीही साठवलेलं असलं तर गुन्हा. कशासाठी, हे ते बघत नाहीत.

आणि मग सर म्हणाले, स्पर्धेच्या समितीने तुला सुटायची वाट दिली होती. हे ज्याचं असेल त्या माणसाने स्वतः लिहून द्यायचं, सही करायची, कुठल्या कामासाठी केलं त्याचा पुरावा जोडायचा. तेवढा एक कागद मुदतीत आला तर बंदी उठेल. समितीने तुला विचारलं, कुणाचं आहे? तू म्हणालास, माहीत नाही.

मी फोन ठेवला आणि टेबल आवरलं, मग परत आवरलं.

कोण असेल रे? जरा आठव. टीमच्या घरात तुझ्या वस्तू कुणाच्या हाताला लागतात? तो चष्मिष्ट, तुमचा राखीव खेळाडू, तुझ्याच खोलीत झोपायचा ना? तू बाद झालास तर तुझी खुर्ची कुणाला मिळणार? मी आरोप करत नाही हं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकली. तू त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन आला होतास, माझ्या हातचं दोनदा वाढून घेतलं होतं त्याने, म्हणून असं लिहिताना बरं वाटत नाही. तरी बघ. त्याच्यावर लक्ष ठेव.

घरात तर तुझ्या वस्तूंना कोणी हात लावत नाही. म्हणजे जुना माऊस माझ्याकडे होता काही महिने, पण तो तूच दिला होतास, टीमला जाहिरातीसाठी नवा वापरायला लागत होता म्हणून. आणि मी आपलं दवाखान्याचं काम करायचे त्याच्यावर, दुसरं काही नाही. पुसून जागेवर ठेवायचे.

बाबांचं ऐक. सकाळी चहा झाला की माझ्या कॉम्प्युटरवर तुझे जुने सामने लावून बसतात. कानात तू घेऊन दिलेलं मशीन, वर आवाज पूर्ण, खालच्या मजल्यावरचे येऊन गेले भांडून. "यातला आपला कुठला?" विचारतात. मी दाखवते. सगळ्यांची शिरस्त्राणं सारखीच, पाच मिनिटांत हरवतोस आणि परत विचारतात. तू मेलास की माझ्याकडे बघतात, "हा उठेल ना आता?" मी म्हणते, पुढच्या डावात उठेल बाबा. तुझ्यावरचा राग गेलाय असं नाही. पण टीव्हीवरच्या बातम्या बघायचं सोडलंय त्यांनी.

अपील कर रे. मी हात जोडते.

ताई


२१ मार्च

भावड्या,

काल दुपारी चष्मिष्ट आला होता.

बेल वाजली, उघडून बघते तर हा, गळ्यात तुझे हेडफोन, दोन्ही हातांनी तुझी ती मोठी खुर्ची ओढत चार मजले चढून आलेला. लिफ्ट बंद होती. बाबा त्याला म्हणाले, "दोन तास थांबला असतास तर मी चालू करून दिली असती." मग तो सोफ्यावर बसला आणि चष्मा काढून पुसायला लागला, पुसतच राहिला. म्हणाला, "ताई, तो माझा फोन घेत नाही. त्याला वाटतंय मी केलं. सगळ्यांनाच वाटतंय. सामना बघणारे मला काय काय लिहितात, माझ्या आईलाही कुणीतरी पाठवलं ते. मी नाही केलं हो. मी त्याच्या वस्तूंना बोटसुद्धा लावत नाही, तो किती चिडतो माहितीये ना?"

माहितीये. मी चहा केला त्याला. साखर दोनदा घातली बहुतेक, त्याने बिचाऱ्याने पिऊन टाकला. तुझ्या जागेवर त्याला घेतलं होतं टीमने, पण त्याने महिनाअखेरीस सोडतो म्हणून लिहून दिलंय. परत कॉलेजला जाणार म्हणे. जाताना बाबांच्या पाया पडला, आणि मला म्हणाला, "तुम्ही तरी त्याला सांगा." मी सांगते म्हटलं.

तर सांगते. त्याने केलेलं नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते विसर. मला तसं लिहायचा काही अधिकार नव्हता, माझी जीभ म्हणजे तुला माहीतच आहे.

तुझी खुर्ची खिडकीपाशी ठेवलीय. बाबा त्यात बसतात आता. मागे रेलायचा दांडा सापडला त्यांना, आणि एकदम आडवे झाले, मला वाटलं गेले. मग हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

माझं काम चालू आहे. दवाखान्यातली जुनी रजिस्टरं, वीस वर्षांचे पेशंट, सगळे कॉम्प्युटरवर चढवायचे. महिनाअखेरची मुदत आहे. मॅडम रोज विचारतात, किती झालं, किती राहिलं. मॅडमचं पण वर कुणीतरी डोकं खातंय. आम्ही दोघी एकाच नावेत, एकमेकींना धरून बसलोय. हे तुला का सांगतेय मलाच कळत नाही. तू मागे एकदा विचारलं होतंस ना, ताई, ती रजिस्टरं घरी आणायला चालतात का? मी म्हटलं होतं, तू तुझा खेळ बघ.

भावड्या, मला एक सांगायचं होतं तुला.

पण आत्ता नको. आत्ता बाबा इथेच बसलेत आणि मला विचारतायत, किती मोठं पत्र लिहितेस. पुढच्या वेळी सविस्तर लिहीन. पाच दिवस आहेत अजून. तू तेवढ्यात अर्ज तरी कर, अर्ज केला म्हणजे बाकीचं नंतर जोडता येतं असं असेलच काहीतरी.

अंगावर दुखणं काढू नकोस. कंबरेला पट्टा बांधून उचल खोकी.

ताई


३० मार्च

भावड्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. या वेळी सरळ लिहिते.

तुझ्या माऊसमध्ये जे सापडलं ते माझं आहे.

ऐक. रजिस्टरात प्रत्येक पेशंटच्या पुढे अकरा रकाने. त्यातले शेवटचे तीन म्हणजे पूर्वीचा आजार, ऑपरेशन, कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन. शंभरातल्या नव्वद जणांचं तिन्ही ठिकाणी एकच उत्तर, 'निरंक'. निरंक, पुढचा रकाना, निरंक, पुढचा रकाना, निरंक, पुढचा पेशंट. दिवसाला चारशे पेशंट. माझ्या मनगटाची काय अवस्था झाली होती ती तू बघितलीस, बाम तूच आणून दिलास. मग मी एक व्हिडिओ बघितला. त्यात दाखवलं, माऊसच्या बटणाला शिकवता येतं. मी शिकवलं. मागचं बटण दाबलं की तिन्ही निरंक आपोआप भरायचे आणि पुढचा पेशंट यायचा. केवढी खूश झाले होते मी! तुला दाखवणार होते, म्हटलं बघ, तुझी ताई पण काही कमी नाही. पण तू सरावाला निघून गेला होतास.

मला वाटलं, ते कॉम्प्युटरमध्ये साठतंय. शेवटी विचारलं त्याने, माऊसमध्ये साठवू का, आणि मी 'हो' दाबलं. काय फरक पडतो असं वाटलं.

मग तू माझ्या टेबलावरून जुना उचललास आणि नवाकोरा ठेवून गेलास. १७ फेब्रुवारी. मी घरी आले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांत पाणी आलं, कामाला बसले, मागचं बटण दाबलं. काही होईना. तेव्हाच कळलं मला की ते बटण तुझ्याबरोबर गेलं. मी चरफडले, आणि दहा मिनिटांत नव्या माऊसला सगळं पुन्हा शिकवलं. बस्स. तुला फोन करून सांगावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सामना तीन दिवसांवर होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माऊस तोलणारा माणूस तू, सहा ग्रॅमचा फरक तुझ्या हाताला कळतो, पण मी आत काय भरून ठेवलंय हे तुला कुठून कळणार?

पेपरात त्या चार ओळी वाचल्या त्या क्षणी मला समजलं होतं. बाबा बोलत होते तेव्हा मला माहीत होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा, दुसरं लिहिलं तेव्हा, त्या पोराला चहा दिला तेव्हा, सगळ्या वेळी माहीत होतं.

का नाही बोलले, तर ती रजिस्टरं दवाखान्याबाहेर आणायला सक्त मनाई आहे. लोकांचे आजार आहेत ते. मॅडमनी मुदत गाठायला मला गुपचूप घरी दिली. मी समितीला लिहिलं असतं तर पुरावा म्हणून तेच दाखवावं लागलं असतं, त्यांनी दवाखान्यात फोन केला असता, आणि दोघी घरी बसलो असतो. तुझा पगार थांबला होता. माझाही थांबला तर बाबांचं काय, असं मी स्वतःला सांगत राहिले. खोटं नाही ते. पण तेवढंच खरं नाही. मला भीती वाटत होती. तू ज्या नजरेनं त्या चष्मिष्टाकडे बघत असशील त्या नजरेनं माझ्याकडे बघशील, याची.

परवा काम संपलं. रजिस्टरं परत गेली, मॅडमची दुसरीकडे बदली झाली. मी तोवर थांबले. हेही लिहून टाकते, पुढे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर यायला नको.

२६ तारीख गेली. मला तारखा कळतात रे. तरी आज सकाळी मी समितीला सगळं लिहून सही करून पाठवलंय. कोणत्या दिवशी किती पेशंट चढवले त्याची कॉम्प्युटरमधली यादी जोडलीय, नावं झाकून. शेवटी लिहिलंय, मी स्वतः येते, समोर बसून त्या माऊसवर पाच मिनिटांत करून दाखवते. चार दिवसांचा उशीर माणसं समजून घेतात कधी कधी. घेतील ना?

तुला काय वाट्टेल ते बोल. पण बोल.

ताई


११ एप्रिल

भावड्या,

समितीचं उत्तर आलं. दोन ओळी आहेत. तुमचे निवेदन मुदतीनंतर मिळाले, त्यामुळे विचारात घेता येत नाही. खाली सही कुणाची ते वाचता येत नाही. मी तिथे सलग तीन दिवस फोन केला. एक बाई फार गोड बोलली. म्हणाली, "तुम्ही पाठवलेलं अगदी व्यवस्थित आहे हो, असाच कागद लागतो, पण वेळेत यायला हवा होता."

समितीचं उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. तुला तुझंच पत्र परत वाचून दाखवणं म्हणजे वेडेपणा आहे, पण मला ते आता पाठ झालंय आणि लिहून काढल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

'ताई, त्यांनी टेबलावर स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बटण दाबलं. निरंक, निरंक, निरंक. मला तिथेच हसू आलं. सहा महिने, घरी आलो की रोज भिंतीपलीकडून ऐकलंय, तू टाईप करताना तोंडाने म्हणतेस. त्यांनी विचारलं, कुणाचं? मी तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. ती घालवायची की नाही हे तू ठरवायचं होतं, मी नाही. म्हणून माहीत नाही म्हणालो, आणि बंदी जाहीर झाल्यावर पहिल्या गाडीने घरी आलो. बाबा बोलत होते. तू पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्या मागे उभी होतीस. मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता सांगेल. फोन ब्लॉक केला कारण फोनवर तू रडली असतीस आणि मीच म्हणालो असतो, जाऊ दे ताई. कोच सरांना मीच सांगितलं होतं, तिने मागितला तर पत्ता द्या. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी सुट्टी टाकून वाचलं. दुसरं उभ्यानेच वाचलं. तिसरं २४ तारखेला मिळालं. त्यात तू लिहिलंयस, एक सांगायचं होतं, पण आत्ता नको. मी पंचवीसला आणि सव्वीसला दिवसभर खाली टपालवाल्याची वाट बघितली. तू नाही सांगितलं असतंस तरी मी तुला काही म्हणालो नसतो, नोकरी तुझी आहे. पण अपील कर, अपील कर, असं तू मला का लिहीत होतीस?'

याचं उत्तर तीन दिवस शोधतेय. मी म्हणजे नक्की कोण होते त्या पत्रांत, मलाच ओळख पटत नाही. मी तुला कंबरेला पट्टा बांधायला सांगत होते!

एक मात्र केलं. काल बाबांना सगळं सांगितलं. ते तुझ्या खुर्चीत बसले होते. कानातलं मशीन काढून हातात धरलं, परत घातलं, म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग मी त्याला काय काय बोललो ते?" खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणि तू तिथे होतीस." मी म्हटलं, हो बाबा.

चष्मिष्टालाही फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला, आणि मग, "पण मी आता सोडलं ना ताई." त्याचे आभार मानायचे की माफी मागायची, माझा गोंधळ उडाला, तोवर त्याने फोन ठेवला. तू त्याला बोलव. तेवढं तरी होण्यासारखं आहे.

बाबा शनिवारी तुझ्याकडे येतायत. काल संध्याकाळीच जाऊन तिकीट काढून आले, एकाचं. पत्ता मी मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. मला "तू चल" म्हणाले नाहीत, आणि मीही "येऊ का" विचारलं नाही. आज सकाळी बॅग भरताना फक्त एवढंच म्हणाले, "त्याला काही द्यायचंय का तुला?" मी सगळ्या घरात फिरले रे. तुझ्या खोलीत गेले, कपाट उघडलं, स्वयंपाकघरात डबे उघडून बघितले. काही सापडलं नाही.

दोन वर्षांनी तू पंचवीसचा होशील. मी रोज वेगवेगळ्या पद्धतीने हिशोब करते, त्याहून कमी येत नाही.

शनिवारी दुपारी दाराशी आवाज आला तर लगेच उघड. त्यांच्या मागे बघू नकोस, मी नसेन. जिने चढून आल्यावर त्यांना दोन मिनिटं बोलता येत नाही, तेवढा वेळ दे त्यांना.

ताई